गुरुवारचा कंट्रोल

कंट्रोलच्या विहिरीभोवती वर्तुळ होतं. चांगलं रुपयाएवढं, स्वच्छ, गोल. मी प्लेट खिडकीशी नेली, उजेडात तिरपी धरून पाहिली, पुन्हा टेबलावर ठेवली. मग साहेबांना हाक मारायच्या आधी उठून लॅबचं दार लावून घेतलं.

दार का लावलं हे कळायला आधी कंट्रोल म्हणजे काय ते सांगावं लागेल.

बहात्तरच्या दुष्काळातला तो गाळप हंगाम. बेलापूरच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी नुकतीच ज्युनिअर केमिस्ट म्हणून लागले होते. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली, प्रोबेशनवर असलेली, आणि अख्ख्या कारखान्यात खुर्चीवर बसून काम करणारी एकटी बाई. मला बघायला लोक काहीतरी निमित्त काढून लॅबमध्ये यायचे. कुणाला थर्मामीटर हवा असायचा, कुणाला घड्याळात किती वाजले ते. त्यामुळे चूक करायची मला परवानगीच नव्हती, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी ऊस पाण्याविना वाळलेला यायचा. अशा उसाच्या रसात स्टार्च जास्त उतरतो. स्टार्च म्हणजे तोच, जो भाकरीत असतो, बटाट्यात असतो, कपड्यांच्या खळीत असतो. तो रसात आला की रस चिकट होतो, गाळायला वेळ लागतो, साखरेचा दाणा नीट धरत नाही. बाहेरच्या देशांत अशा रसात एक एन्झाइम घालतात. एन्झाइम म्हणजे पचनाचं काम करणारा पदार्थ. हे एन्झाइम स्टार्च पचवतं आणि त्याची साखर करून टाकतं. ते आयात करणं आमच्या कारखान्याला जमण्यासारखं नव्हतं. पण काही बॅक्टेरिया हेच एन्झाइम स्वतः तयार करतात. आमचे चीफ केमिस्ट दामले साहेब यांनी ठरवलं, असे बॅक्टेरिया आपल्याच मातीतून शोधायचे. शोधायचे म्हणजे मी शोधायचे.

काम तसं सोपं. काचेच्या चपट्या डिशमध्ये अगरची जेली ओतायची, त्या जेलीत स्टार्च मिसळलेला. जेली घट्ट झाली की तिला छोटी गोल भोकं पाडायची. त्यांना आम्ही विहिरी म्हणायचो. प्रत्येक विहिरीत एकेका बॅक्टेरियाचं द्रावण पिपेटच्या नळीने मोजून सोडायचं. सकाळी दहाला भरलेली प्लेट साडेचारपर्यंत इन्क्युबेटरच्या उबेत ठेवायची आणि मग वर आयोडीन ओतायचं. स्टार्चला आयोडीन लागलं की निळाशार रंग येतो. जिथला स्टार्च खाल्ला गेला तिथे निळं होत नाही, विहिरीभोवती नितळ वर्तुळ दिसतं. वर्तुळ जितकं मोठं तितका बॅक्टेरिया खादाड.

कंट्रोल म्हणजे एक विहीर अशी, जिच्यात बॅक्टेरिया नसलेलं नुसतं द्रावण घालायचं. तिच्याभोवती खाणारं कुणी नाही, म्हणून सगळं निळं राहायला हवं. तिथेही वर्तुळ उमटलं तर स्टार्च दुसरंच कुणीतरी खातंय, आणि बाकीच्या वर्तुळांवरही विश्वास ठेवता येत नाही.

आता कबुली. पहिले तीन आठवडे मी कंट्रोल लावलाच नव्हता. एका प्लेटला आठ विहिरी, तपासायला ढीगभर नमुने, रिकाम्या द्रावणावर एक विहीर कशाला वाया घालवायची, असा माझा हिशेब. पण तीन आठवड्यांत एकही बॅक्टेरिया नापास होईना. सगळेच पास म्हटल्यावर मला माझ्या कॉलेजातल्या बाईंची आठवण झाली. त्या म्हणायच्या, वर्गात सगळे पहिले आले की पेपर फुटलाय का बघा. म्हणून चौथ्या आठवड्यात कंट्रोल लावला, आणि मग दार लावून घ्यायची वेळ आली.

या पास झालेल्यांमध्ये सर्वांत मोठं वर्तुळ सतरा नंबरचं होतं. सतरा नंबर किसनमामांचा.

किसनमामा लॅबचे अटेंडंट. पन्नाशीचे, शेवगावकडच्या एका कोरडवाहू गावचे. पूर्वी ऊसतोडीला यायचे. गुडघा गेला तेव्हा मुकादमाने शब्द टाकून त्यांना लॅबमध्ये लावून घेतलं. हंगामी कामगार. हंगाम संपला की काम संपलं, पुढच्या वर्षी बोलावलं तर यायचं. काचसामान धुणं, वाळवणं, पिपेट कागदात गुंडाळून तापवायला ठेवणं, हे त्यांचं काम. त्यांची बायको त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडत होती.

दामले साहेबांनी सगळ्यांना मातीचे नमुने आणायला सांगितलं तेव्हा मामा सुट्टीत गावी जाऊन आले आणि डब्यातून काळी, आंबूस वासाची माती घेऊन आले. गावातल्या ज्वारीच्या पेवाच्या तळाची माती. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. त्या वर्षी पेवं तळापर्यंत खरवडली गेली होती, म्हणून ती हाताला लागली. जिथे वर्षानुवर्षं ज्वारी कुजली तिथे ज्वारीचा स्टार्च खाणारे असणारच. विचार अगदी शास्त्रीय होता आणि तो मामांना माझ्याआधी सुचला होता. सतरा नंबरचं वर्तुळ पाहून साहेब इतके खूश झाले की त्यांनी बोर्डाच्या मीटिंगमध्ये ते सांगितलं. मामांनाही म्हणाले, तुझा सतरा नंबर रसात चालला तर तुला परमनंट करायला मी स्वतः शिफारस करतो.

हे सगळं माझ्यासमोर घडलं होतं. म्हणून ते वर्तुळ पाहिल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता, तो मामांबद्दल होता. दार लावलं ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांना धक्का वगैरे बसला नाही. साखर कारखान्यात संशय घेणं हा कामाचाच भाग असतो. काट्यावर वजन मारतात असं ऊसवाल्यांना वाटतं, मुळ्या-पाचटासकट ऊस आणतात असं काटेवाल्यांना वाटतं, आणि रसाच्या नमुन्यात पाणी घातलंय असं केमिस्टला वाटतं. दामले साहेबांनी या धंद्यात वीस वर्षं काढली होती. त्यांनी प्लेट बघितली आणि रजिस्टर मागितलं.

आधी आम्ही वस्तूंवर संशय घेतला. नवा स्टार्च काढला, वर्तुळ तसंच. द्रावण नव्याने केलं, वर्तुळ तसंच. डिश बदलल्या, आयोडीन बदललं. मी विचार करताना सुपारी खाते. आई अडकित्त्याने बारीक कातरून लवंग घातलेली सुपारी डबीत भरून द्यायची. त्या आठवड्यात डबी चार दिवसांत संपली.

कंट्रोल लावायला लागल्यापासूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी साहेबांनी रजिस्टरवर बोट ठेवलं.

"मिस काळे, हा निळा कंट्रोल कुठल्या वारचा?"

"गुरुवारचा."

"आणि मागच्या आठवड्यातला हा?"

तोही गुरुवारचा होता. मी कंट्रोल लावायच्या आधीची पानं उलटून पाहिली. तेव्हाही गुरुवारी वर्तुळं लहान आलेली, काही तर उमटलीच नव्हती; तेच नमुने शुक्रवारी पुन्हा लावले की पास व्हायचे. त्या वेळी मी शेऱ्यात लिहून ठेवलं होतं, इन्क्युबेटरला करंट कमी. माझ्या अक्षरात, दोनदा.

"गुरुवारी लॅबमध्ये कोण नसतं?" साहेबांनी विचारलं.

उत्तर दोघांनाही माहीत होतं. कारखाना सातही दिवस चालायचा, सुट्ट्या वाटून दिलेल्या. किसनमामांची सुट्टी गुरुवारी.

साहेब म्हणाले की माणूस गरीब आहे, परमनंट व्हायची आशा लागली आहे, काय काय करेल सांगता येत नाही. मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला ते पटायलाच हवं होतं. दुसऱ्या कुणाची चूक निघाली की माझी निघत नाही, इतकं साधं ते होतं. मामा माझ्याशी कधी वाकडं बोलले नव्हते. उलट बाहेरून कुणी उगाच आत डोकावलं की थर्मामीटर तेच नेऊन द्यायचे, म्हणजे त्या माणसाला आत यायची गरजच राहायची नाही. तरी मला पटलं.

मग पाळत सुरू झाली. द्रावणाच्या बाटल्यांवर मी पेन्सिलीने पातळीची रेघ ओढून ठेवू लागले. रोज सकाळी विचारायचे, मामा, कशाला हात लावलात का? कपाटाला कुलूप, कुलपावर कापड आणि कापडावर लाख. मामांनी लाखेकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई, येवढी राखन कुनापासनं?"

"उंदीर झालेत, मामा."

"उंदराला लाख कळती व्हय," असं म्हणून ते पिपेट धुवायला निघून गेले. मला वाटलं, टोमणा मारला. आणि टोमणा मारणाऱ्याच्या मनात काहीतरी असणारच.

रेघा हलल्या नाहीत, लाख फुटली नाही. कंट्रोलभोवती वर्तुळ येतच राहिलं, गुरुवार सोडून.

मी तर्क लढवला. कुलूप न फोडता, बाटलीला हात न लावता स्टार्च खाऊ शकेल असं माणसाजवळ काय असतं? शाळेतलं आठवलं. आपल्या लाळेत नेमकं हेच एन्झाइम असतं. भाकरीचा घास जास्त वेळ चावला की गोड लागतो तो त्यामुळे. आणि मामा तंबाखू खायचे. गालात कायम गोळी. प्लेटवर वाकून बोलले, शिंकले, थुंकी उडाली, किंवा मुद्दाम बोट लावलं, तर वर्तुळ उमटणार. इतका चांगला तर्क मी परीक्षेतही कधी लढवला नव्हता.

सोमवारी सकाळी मामा आले तेव्हा मी पाण्याचा ग्लास घेऊन दारातच उभी होते.

"मामा, आत यायच्या आधी तोंड धुऊन या. तंबाखू बंद. आजपासून रोज."

पाणी तेव्हा लॅबलाही मोजून मिळायचं. मामांनी ग्लास घेतला. एकदा माझ्याकडे बघितलं. बाहेर कडुनिंबाच्या बुंध्याशी जाऊन त्यांनी चूळ भरली, ते पाणी झाडाच्याच आळ्यात टाकलं, आणि निम्मं उरलेलं पाणी ग्लासात परत आणून दिलं. म्हणाले, "येवढं पुरं झालं." शिफ्टचे दोघे केमिस्ट व्हरांड्यातून बघत होते. पन्नास वर्षांच्या माणसाला मी, बावीस वर्षांच्या मुलीने, चारचौघांत चूळ भरायला लावली होती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. मी कपाट उघडलं, डबीतून सुपारी तोंडात टाकली आणि कामाला लागले.

त्या दिवशी वर्तुळ आणखीच मोठं आलं.

बुधवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मेमो टाइप करून ठेवला होता. प्रयोगात हेतुपुरस्सर ढवळाढवळ केल्यावरून कामावरून कमी करण्यात येत आहे. नाव किसनमामांचं, खाली सही करायची जागा मोकळी. असा मेमो लागलेल्या हंगामी माणसाला पुढच्या हंगामात कुणी बोलवत नाही, या कारखान्यात नाही आणि शेजारच्याही नाही. त्या वर्षी त्याचा अर्थ असा होता की मामांनी तो गुडघा घेऊन खडी फोडायला बायकोशेजारी जाऊन बसायचं.

मी मेमो दोनदा वाचला. मी साहेबांना म्हटलं, शुक्रवारी एक दिवस मामांना लॅबमध्ये येऊच देऊ नका. सगळं मी एकटी करते. कंट्रोल निळा आला तर तुम्ही सही करा.

साहेब तयार झाले. शुक्रवारी मामांना गाडीतळावर, बैलगाड्यांना नंबराचे बिल्ले वाटायला पाठवलं. मी झाडण्यापासून सगळं स्वतः केलं. प्लेट ओतली, विहिरी पाडल्या, एकेक पिपेट कागदातून काढली आणि विहिरी भरल्या. नेहमीसारख्या क्रमाने, सर्वांत शेवटी सतरा नंबर आणि त्यानंतर कंट्रोल. साडेचारला आयोडीन ओतलं.

कंट्रोलभोवती वर्तुळ होतं.

मला हायसं वाटलं. मामा सुटले, असं म्हणत मी प्लेट घेऊन केबिनमध्ये गेले. साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "पिपेट कोणी गुंडाळल्या होत्या?"

"मामांनी. बुधवारी."

"मग?"

मला तेही पटलं. पिपेटच्या आतच काही लावून ठेवलं असेल तर मामा गाडीतळावर असोत नाहीतर काशीला. गुरुवारीही पिपेट मामांनीच गुंडाळलेल्या असायच्या, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. साहेब म्हणाले, उद्या दुपारी मी सही करणार. हे प्रकरण आता पुरे.

मी परत आले आणि त्या दिवशी वापरलेल्या पिपेट बघायला घेतल्या. पिपेट म्हणजे मापाच्या रेघा असलेली काचेची बारीक नळी. खालचं टोक द्रावणात बुडवायचं, वरचं टोक तोंडात धरून ओढायचं, आणि वर चटकन बोट ठेवायचं. आता त्याला रबरी फुगे लावतात. तेव्हा आमच्याकडे रस, मळी, सगळं तोंडानेच ओढलं जायचं. बॅक्टेरियाच्या कामात वरच्या टोकात कापसाचा छोटा बोळा बसवायचा नियम असतो. मामा तो फार निगुतीने बसवायचे. पण त्यामुळे ओढताना दम लागतो. कारखान्यातले बाकीचे केमिस्ट कुठे कापूस घालतात, म्हणून मी तो सुईने उपटून टाकायचे.

एक पिपेट उजेडासमोर धरली. वरच्या टोकाच्या आत काचेला तपकिरी कण चिकटलेला होता. दुसऱ्या पिपेटमध्ये तसाच. तिसरीत दोन.

सापडलं, असं मी मोठ्याने म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं तरी. मला वाटलं, हाच तो मामांनी लावलेला पदार्थ. कुटलेली, मोड आलेली ज्वारी असणार. मोडाच्या धान्यातही हेच एन्झाइम असतं. मी सुईने ते कण कागदावर काढले, पुडी बांधली आणि ताडताड चालत गाडीतळावर गेले. साहेबांकडे जायच्या आधी मला मामांचं तोंड बघायचं होतं. दुष्टपणाच तो, दुसरं काय.

मामा एका दगडावर पाय लांब करून बसले होते. मी पुडी उघडून समोर धरली.

"मामा, पिपेटमध्ये हे निघालंय. काय आहे हे?"

मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"सुपारी हाय."

"कुणाची?"

"आता कुनाची म्हंजी? तुमची."

मामांनी कागद मला परत दिला. मामा सहज सांगत राहिले. रोज निघते. धुताना आधी काडीने काढावी लागते, नाहीतर नुसत्या पाण्याने जात नाही. गुरुवारची भांडी ते शुक्रवारी सकाळी धुवायचे, त्यांत नसते. "गुरवारी तुमचा दत्ताचा उपास असतो ना. तवा डबी न्हाई उघडत तुमी."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. ते थोडं आधी पळालं असतं तर बरं झालं असतं. आमच्या घरी गुरुवारच्या उपासाला सुपारी चालत नाही. गुरुवारी मामांना सुट्टी आणि मला उपास, असे दोन कार्यक्रम एकाच दिवशी होते, आणि रजिस्टरमध्ये गुरुवार बघून मी आणि साहेबांनी त्यातला एकच पाहिला होता. सुपारीने तोंडाला सुटलेलं पाणी, वर कापूस उपटलेली पिपेट, म्हणजे लाळ थेट विहिरीत. क्रमाने ओढत शेवटच्या विहिरीपर्यंत येईतो तोंड भरलेलं. म्हणून सतरा नंबर सर्वांत मोठा. म्हणून कंट्रोलभोवती वर्तुळ.

"मामा, हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाई."

"रोज तर विचारत होते."

"त्ये न्हाई इचारलं," मामा शांतपणे म्हणाले. "तुमी इचारायच्या, मामा कशाला हात लावला? म्या म्हनायचो, न्हाई लावला. पिपेटात काय निघतं, ह्ये कुनी इचारलंच न्हाई."

मी पुडी बांधली आणि तिथेच त्यांच्या शेजारच्या दगडावर बसले. मेमोबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. लाज वाटली.

शनिवारी सकाळी साहेबांकडे जाऊन सही पाच वाजेपर्यंत थांबवा असं म्हटलं. कारण विचारलं तेव्हा प्लेट दाखवून सांगेन म्हणाले. मग एका प्लेटला चारच विहिरी पाडल्या. दोन विहिरींत नुसतं द्रावण, कापूस न काढता आणि चूळ भरून ओढलेलं. तिसरीत नेहमीसारखं, सुपारी तोंडात ठेवून, कापसाशिवाय. चौथीत सरळ माझ्या लाळेचा थेंब. पिपेट सगळ्या मामांनी गुंडाळलेल्याच घेतल्या. साडेचारला साहेबांसमोर आयोडीन ओतलं.

पहिल्या दोन विहिरी निळ्या. तिसरीला वर्तुळ, आमच्या ओळखीचं. चौथीचं वर्तुळ थेट डिशच्या काठाला टेकलं होतं.

साहेबांनी चौथ्या विहिरीवर बोट ठेवलं.

"ही चौथी कोण? सतरापेक्षा मोठी आहे."

"मी, साहेब."

मी सगळं सांगितलं, डबीसकट. डबी काढून टेबलावर ठेवली. प्रोबेशनवरच्या माणसाला काढायला मेमोही लागत नाही, हे मला माहीत होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे बोर्डापुढे उभं राहून," ते सावकाश म्हणाले, "मी तुमच्या लाळेची शिफारस केली."

मला हसू आलं असतं, पण ते हसत नव्हते. त्यांनी खणातून मामांचा मेमो काढला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. मग टायपिस्टला हाक मारली आणि दुसरा मेमो सांगितला. तो माझ्या नावाचा होता. निष्काळजीपणाबद्दल ताकीद, प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं. शेवटी एक ओळ लॅबसाठी, पिपेटमधला कापूस कुणीही काढू नये. मी पोच म्हणून सही केली. त्या मेमोची कॉपी अजून माझ्याकडे आहे.

निघताना मी विचारलं, मामांना काय सांगायचं? साहेब म्हणाले, काही घडलंच नाही, सांगायचं काय. त्यांचं तेवढ्यावर भागलं. माझं भागलं नाही. मी व्हरांड्यात गेले, मामा नळ्या वाळत घालत होते. मी म्हटलं, मामा, माझं चुकलं. त्या दिवशी तुम्हाला चूळ भरायला लावली, ते फार चुकलं. मेमोचंही सांगितलं. ते ऐकून मात्र मामांचा हात थांबला. एक नळी त्यांनी पुन्हा पुन्हा पुसली. मग म्हणाले, "कापूस काढत नका जाऊ. लई बारीक बसवतो म्या त्यो."

त्यानंतर सगळे नमुने पहिल्यापासून तपासले. निम्म्याहून जास्त नापास झाले. सतरा नंबर पास झाला, पण लहानसं, प्रामाणिक वर्तुळ घेऊन. पाच नंबर त्याच्यापेक्षा बरा निघाला. साहेबांनी बोर्डाला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. उसाअभावी हंगाम लवकर आटोपला आणि आमचं एन्झाइम रसापर्यंत कधी पोचलंच नाही. मामा परमनंट झाले ते पुढे दोन हंगामांनी, हजेरीच्या जोरावर. पेवाच्या मातीचा त्यात काही वाटा नव्हता.

पण त्या शनिवारनंतरचा सोमवार मला सांगायचा आहे. मी सकाळी लॅबमध्ये आले तर मामा दारात उभे. हातात तोच ग्लास, निम्मा भरलेला. शिफ्टचे केमिस्ट आजही व्हरांड्यात होते. मामांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं की राग नव्हता, काम सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"बाई, चूळ भरून या."

मी कडुनिंबापाशी जाऊन चूळ भरली. पाणी आळ्यात टाकलं. साडेचारला कंट्रोल निळा निघाला, आणि तो गुरुवार नव्हता.

नंतर बरीच वर्षं मी वेगवेगळ्या लॅबमध्ये काम केलं, पुढेपुढे नव्या मुलामुलींना शिकवलंही. कंट्रोल बिघडला की त्यांची नजर पहिल्यांदा अटेंडंटकडे जाते. मी पाण्याचा ग्लास भरते आणि त्यांच्या हातात देते.